मेलची मोजणी

जिथे हद्दी आखलेल्या नाहीत अशा जगात आमचे थोरले साडू घटकाभरही राहिले नसते. त्यांची सगळी हयात शेतजमिनी मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर, दोन हजार सालाच्या आसपास, बालाघाटच्या एका खाजगी कॉलेजने त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीचा ताबा दिला, कारण नुकत्याच आलेल्या ई-मेलची जबाबदारी घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. साडूंनी आल्याआल्या ड्रॉइंगच्या कागदावर मेलचा नकाशा काढला. कॉलेजचं मशीन हिरवं, मेल पुढे नेणारी भोपाळची कंपनी पिवळी, पलीकडचा मुलूख कोरा. प्रत्येक हद्दीत मेलला जबाबदार असा एक पोस्टमास्टर असतो, असं कुठेतरी वाचून त्यांनी स्वतःच्या नावाची पाटीही रंगवून घेतली. प्राचार्यांची पाटी तिच्यापेक्षा लहान होती. एखाद्या प्राध्यापकाने "मेल गेली का?" असं सहज विचारलं, की ते चष्मा काढत. "गेली म्हंजे? आपल्यातून निघाली, भोपाळच्या पार झाली, का समोरच्याच्या मशीनात पडली? नीट इचारा." मेल परत आल्याचं त्यांना दुःख नसे, ती कुणाच्या हद्दीत अडली एवढं कळलं की ते समाधानाने चहा मागवत.

माझ्या मुलीला गोंदियाच्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा तिचा होकार मेलने त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पोचायला हवा होता. नाही तर जागा दुसरीला. साडूंनी सकाळी अकराला मेल पाठवली.

"पोचली ना मावसाजी?" मुलीने विचारलं.

"आपल्या हद्दीतून गेली. पुढचं मी काहून सांगू? तो त्याहीचा इलाका."

पोरगी रडायला लागली. साडूंनी भोपाळला फोन लावला. आमच्याकडून पुढे गेली, ते म्हणाले. गोंदियाला लावला. आली असेल, उद्या बघू, असं उत्तर मिळालं. साडूंनी मेलची छापील प्रत खिशात घातली आणि मला घेऊन गोंदियाची बस पकडली.

तिथल्या बाबूने प्रत पाहून हात पुढे केला. "द्या काका, फाइलले लावतो. झालं तुमचं काम."

मला हायसं वाटलं. साडूंनी प्रत पुन्हा खिशात घातली.

"कागद नाही देत. मेल पाठवली हाये, मेल उघडा."

"एकच तं हाये ते."

"एक कसं? हा मी आणला. ज्याहीचं कोणी आलं नाही, त्याहीचं काय?"

साडेचारला मशीन उघडलं. आमच्या मुलीच्या मेलबरोबर आणखी सात मुलींचे होकार न वाचता पडले होते. बाबू ते एकेक नोंदवेपर्यंत साडूंनी खुर्ची सोडली नाही.

परतीच्या बसमध्ये मी आभार मानू लागलो, तर म्हणाले, "माझे काहून? माझी हद्द तं अकरालेच संपली होती."

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या सात जणी कुठे कुठे नर्स असतील. आपली मेल वेळेवर पोचली, एवढंच त्यांना ठाऊक असणार.