सुभद्राआक्काचा सोलो अल्बम

कलापथकात वीस वर्षं ढोलकी वाजवली की किस्से आपोआप साठतात. बाकीच्या पार्ट्यांकडे हसायचे असतात. कुणाचा फेटा सुटला, कुणी ऐनवेळी कडवं विसरलं! आमच्याकडचे निम्मेअधिक संतापाचे, आणि त्यातले बहुतेक सुभद्राआक्काचे. सांगताना माझे अजून कान तापतात. पण चारजण बसले की कुणीतरी म्हणतंच, "दिगू, आक्काचं सांग."

तर मी दिगंबर. तेलगावला शिवणकामाचं दुकान आणि सीझनला शाहिरांच्या पार्टीत ढोलकी. शाहीर म्हणजे पार्टीचे मालक, मॅनेजर, सगळंच. आक्का आष्टीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवरची. शिक्षण चौथी. नवरा गेल्यावर कोरसला आली आणि दोन वर्षांत अख्ख्या पार्टीची गाणी लिहायला लागली. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहायची, चाल स्वतःच लावायची. जिल्ह्यात बाया तिला नुसत्या आवाजावरून ओळखायच्या.

कॅसेटवर मात्र छापलेलं असायचं, 'गीत, संगीत, गायन : शाहीर आणि पार्टी.' आक्का त्या 'आणि पार्टी'त!

* * *

नारायणगडाच्या यात्रेत गेलतो. एका कॅसेटवाल्याच्या गाड्यावर आक्काचंच गाणं चाललं होतं. आक्का थांबली.

"कुणी लिवलं बे हे?"

"शाहिरानं! लई मोठा माणूस हाय, मावशे. घ्या, दोनच राहिल्यात."

"मला एकदा भेटव की त्याला."

"कावून?"

"दुसऱ्या कडव्यात एक चूक राहिलीय. मी केलेली हाय. त्याला सांगते, तुझ्या नावावर गेली म्हणून!"

गाडेवाला हसला. त्याला वाटलं, बाई येडी आहे. मी तिचा चेहरा बघितला आणि मला काही हसू आलं नाही.

* * *

मग तो दुष्काळ आला. आम्हाला सरकारी कार्यक्रम मिळाले. गावोगाव जायचं आणि 'पाणी वाचवा' गायचं.

आष्टीच्या पुढं एका गावात मारुतीच्या पारावर आम्ही उभे राहिलो. समोर बाया बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात रिकामी घागर. आम्ही यायच्या आधीपासून त्या तिथंच टँकरची वाट बघत होत्या. आम्हाला वाटलं, काय गर्दी जमलीय! आक्कानं सुरुवात केली, "थेंब थेंब वाचवा गं बायांनो..."

एक बाई उठली. घागर उपडी करून आमच्यापुढं धरली.

"आधी द्या, मंग वाचवितो!"

आक्का ओळीच्या मधेच थांबली. शाहीर माझ्याकडं बघून दात-ओठ खायला लागले, "वाजव बे, वाजव!" आणि मी वाजवली. ती लाज अजून माझ्या हातात आहे. आक्का गायली नाही. ढोलकी एकटीच वाजत राहिली आणि त्या बाया माझ्याकडं बघत राहिल्या.

बीडला जीप थांबली. उतरताना आक्का म्हणाली, "दिगू, आज मी त्या बायांच्या तोंडावर थुंकले."

* * *

दुसऱ्या दिवशी ती शाहिरांच्या घरी गेली. मी सोबत होतो.

"शाहीर, मी सोलो अल्बम काढनार."

शाहिरांनी सुपारी कातरायची थांबवली. "सोलो म्हंजी?"

"म्हंजी तुमी न्हाई."

* * *

बीडला एक स्टुडिओ होता, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. रेकॉर्डिस्ट पोरगा हुशार होता, पण त्याला इफेक्टचा भारी सोस. आक्काचं दुष्काळाचं पहिलं गाणं झालं. ऐकायला बसलो तर सुरुवातीलाच ढगांचा गडगडाट आणि धो धो पाऊस!

"ह्यो पाऊस कुठला?" आक्कानं विचारलं.

"कंप्युटरमधला, मॅडम. इफेक्ट आहे. वातावरण तयार होतं."

"आधी आष्टीला पाड. मंग गान्यात टाक."

पोरानं निमूटपणे पाऊस काढून टाकला. त्या गाण्यात शेवटी फक्त माझी ढोलकी, एक तुणतुणं आणि आक्का राहिली.

कव्हर छापायला गेलो तेव्हा प्रेसवाल्यानं डोकं खाजवलं. अल्बमचं नाव सुभद्रा. गीत सुभद्रा, संगीत सुभद्रा, गायन सुभद्रा.

"बाई, एकच नाव चार वेळा येतंय. बरं दिसत न्हाई."

आक्का म्हणाली, "छापा. पंधरा वर्सांचं राहिलंय."

* * *

आष्टीच्या भागात एका सहकारी संस्थेचे चेअरमन साहेब होते. जनावरांची चारा छावणी संस्थेची, पाण्याचे टँकरही संस्थेचे. आक्का सीडी काढतेय असं कानावर गेल्यावर, कव्हर छापून यायच्या आधीच, त्यांचा पीए माझ्या दुकानात आला. छपाईचा सगळा खर्च साहेब करणार, फक्त कव्हरवर साहेबांचा हात जोडलेला फोटो.

"माझा फोटो कुठं?" आक्कानं विचारलं.

"वर साहेब, खाली तुमी. लई भारी दिसंल!"

"आधी गानं तर ऐका." आक्कानं तिथंच, शिलाई मशीनच्या शेजारी बसून चाल धरली :

*"कागदावर गुरं चरती, कागद हिरवागार,*
*दावनीला गाय माझी, चाटीत बसली दार..."*

छावणीत कागदावर किती गुरं होती आणि दावणीला किती, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. पीए दुसऱ्या ओळीलाच उठला. चहा समोर आला होता, त्याला हातही लावला नाही.

"अजून चार कडवी हायेत की!" आक्का मागून म्हणाली. तो तोवर रस्त्याला लागला होता.

* * *

सीडी किती खपल्या ते मला माहीत नाही. पण बाजारच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात लोक मेमरी कार्ड घेऊन रांगेत उभे राहायला लागले. "आक्काचं भरून द्या." टमटममध्ये तेच, पिठाच्या गिरणीत तेच. लग्नातसुद्धा वाजलं, तेही जेवणावळीत!

साहेबांच्या ड्रायव्हरनं मला सांगितलेली गोष्ट. छावणीची पाहणी करायला मोठे अधिकारी आले होते. साहेब त्यांना दुष्काळात संस्थेनं काय काय केलं ते सांगत होते आणि तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. "कागदावर गुरं चरती..."

साहेब ओरडले, "बंद कर ते!" ड्रायव्हर फोन दाबत दाराकडं पळाला. साहेब अधिकाऱ्यांकडं वळून हसले, "आजकालची गाणी..."

आणि दुसरा फोन वाजला. तेच गाणं. ह्या वेळी पीएच्या खिशात!

"मला पुढची कडवी ऐकायची राहिली होती, साहेब," पीए म्हणाला.

* * *

त्यानंतर आक्काच्या वस्तीवरचा टँकर बंद झाला. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. ज्यानं गाणं म्हटलं त्याला एकदा शिवी द्या, माझं काही म्हणणं नाही. पण म्हाताऱ्याकोताऱ्या, बाळंतिणी, मुकी मेंढरं, सगळ्यांचं पाणी तोडायचं? मला त्या माणसाबद्दल अजून बरं बोलता येत नाही.

मी वस्तीवर गेलो तर आक्काच्या दारात बाया. सगळ्यांत पुढं तिची सख्खी जाऊ.

"नाव तुझं झालं आन् घागरी आमच्या कोरड्या! गानं म्हनलीस, बरं केलंस. आता पानी आन!"

आक्कानं दोन घागरी उचलल्या आणि चालायला लागली. कोसभर लांब एका मळ्यात जुनी विहीर होती, तळाला हातभर गढूळ पाणी. पहिल्या दिवशी ती एकटी गेली आणि तिनं आधी जावेच्या दारात घागर ठेवली. दुसऱ्या दिवशी जाऊ सोबत होती. चौथ्या दिवशी सगळी वस्ती, आणि मीही.

विहिरीवरून परत येताना आक्का मला म्हणाली, "दिगू, त्या रागावल्या ते बरोबरच हाय. मला राग आला की मी गाते. त्यांनी काय करावं?"

पुढं टँकर सुरू झाला, आणि गाणंही कुणी बंद केलं नाही. पण त्याच्या आधी एक गोष्ट झाली. मी डोळ्यांनी बघितली.

* * *

आठव्या दिवशी भर दुपारी वस्तीवर दोन गाड्या आल्या. चेअरमन साहेब स्वतः! मागं पीए, हातात पाण्याची सीलबंद बाटली.

आक्कानं लिंबाखाली बाज टाकली. घरी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून तांब्या भरून आणला, त्याच विहिरीचं. बाया गोळा होऊन जमिनीवर बसल्या.

साहेबांनी तांब्या घेतला, आत बघितलं आणि तसाच धरून ठेवला.

"सुभद्राबाई, तुमच्या गाण्यानं माझी लई बदनामी चाललीय. तेवढं थांबवा. टँकर उद्यापासून चालू."

"साहेब, गान्यात नाव कुनाचं हाय?"

"नाव न्हाई, पण..."

"संस्थेचं हाय?"

"न्हाई."

"गावाचं?"

"न्हाई."

"मंग तुमी कावून आलाव?"

साहेबांच्या कानामागून घाम ओघळला. तांब्या हातातच. पीए पुढं वाकला आणि हळूच बाटली साहेबांकडं सरकवली.

ती आक्कानं मधेच घेतली. टोपण फिरवलं, सील कट्कन तुटलं. बाटली तिनं जावेकडं दिली. जावेनं मान वर करून, तोंड न लावता एक घोट घेतला आणि शेजारणीला दिली. तिनं एक घोट घेऊन पुढं. अशी बाटली फिरत गेली. दुसरा घोट कुणीच घेतला नाही. साहेब बघत होते.

शेवटी ती एका म्हातारीकडं आली. तळाचं उरलेलं तिनं पिऊन टाकलं, टोपण घट्ट लावलं, पदरानं बाटली पुसली आणि पीएच्या हातात ठेवली.

"ग्वाड हाय," ती म्हणाली.