व्हॅनमावशींचे हात

आमच्या व्हॅनमावशींचा स्वतःच्या हातांवर विश्वास नव्हता. कोन गावाहून पनवेलच्या शाळेत त्या कित्येक वर्षं मुलं सुखरूप नेत-आणत होत्या. तरीही अधूनमधून, मुलं सोडून आल्यावर, माझ्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ताई, जरा गाडी चालवून बघता का? माज्या हाताला सवय लागली असंल."

मी तेव्हा गाडी नुकतीच शिकले होते. पण माझी सई त्यांच्या व्हॅनमधून जायची, त्यामुळे नाही म्हणवत नसे. इमारतीमागच्या रिकाम्या रस्त्यावर मी सावकाश व्हॅन न्यायची आणि स्टिअरिंगवरची पकड जराशी सैल करायची. शेजारी बसलेल्या मावशी रस्त्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. गाडी सरळ गेली की पदराने कपाळ पुसायच्या.

त्यांचा नवरा द्रोणागिरीच्या गोदामांतून माल घेऊन ट्रेलर चालवायचा. ट्रेलर डावीकडे ओढतो, असं तो घरी सांगायचा, आणि हाताने धरला की जातो सरळ, असंही म्हणायचा. पुढे हाताला त्याची इतकी सवय झाली की ओढतो हे सांगायचंही तो विसरला. तिरकं चाक रस्त्याला घासत राहिलं. टायर आतल्या कडेने झिजत गेला, बाहेरून मात्र चांगला दिसायचा. घाटात तो फुटला, आणि नवरा घरी आला नाही. मावशींनी हे मला एकदाच सांगितलं, व्हॅन पुसता पुसता. शेवटी म्हणाल्या, "गाडी वाकडी जाते त्याचं भ्या नाय ताई. ती वाकडी जाते ते आपल्याला कळंनासं होतं, त्याचं भ्या वाटतं."

म्हणून रोज सकाळी मुलं चढत असताना त्या पुढच्या टायरांवर तळहात फिरवायच्या, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलटं फिरवताना करवतीसारखं लागलं, तर चाकं सरळ बघत नाहीत असं समजायचं. खड्ड्यात गाडी आदळली की त्यांचा दिवस गेलाच. कुणी गमतीने विचारलं की आज काय बिघडलं, तर त्या गंभीरपणे म्हणायच्या, "अजून गावलं नाय."

सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हॅन एका मोठ्या खड्ड्यात जोरात आपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी लवकर आल्या आणि त्यांनी मला चावी दिली. फाटकाशी मुलं पॅड-पेन्सिली घेऊन उभी होती. मी व्हॅन मागच्या रस्त्याला काढली, हात सैल सोडले, आणि ती डावीकडे सरकू लागली. फार नाही, थोडीच. सईचा गणिताचा पेपर होता. बाहेर मोठा रस्ता ओला होता आणि कंटेनरची रांग लागली होती. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"ओढतेय," मी म्हटलं.

मावशींनी फाटकाशी येऊन सांगितलं की आज मुलं नेणार नाही. पालक चिडले. एका मुलाचे वडील म्हणाले की कालपर्यंत चालत होती ना, मग आज एवढं पोचवा आणि नंतर करा काय ते. मावशींनी माझ्याकडून चावी परत घेतली आणि मुठीत घट्ट धरली.

"काल मला म्हाईत नवतं, सायेब. आज म्हाईत हाय."

रिक्षा शोधताना धावपळ झाली, काही मुलं उशिरा पोचली. रिकामी व्हॅन सावकाश नेत मी मावशींबरोबर कळंबोलीच्या गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने चाकांना यंत्र लावून बघितलं आणि अलाइनमेंट बिघडलीय म्हणाला. अशीच चालवली असती तर काय झालं असतं, हे मी विचारलं. तो म्हणाला, कदाचित महिनाभर काहीच झालं नसतं, कदाचित पहिल्याच जोरदार ब्रेकला गाडी फिरली असती. नक्की कुणीच सांगू शकत नाही. मावशींनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात निम्म्या पालकांनी दुसरी व्हॅन लावली. मावशी रागावल्या नाहीत. त्या तिकडे जाऊन त्या व्हॅनचे टायर वाकून बघायला लागल्या आणि त्या ड्रायव्हरने त्यांना हाकललं. "आपलीच पोरं हायत ना त्यात," एवढंच त्या मला म्हणाल्या. राहिलेल्या मुलांना घेऊन त्यांनी आणखी काही वर्षं काढली. मग नजर अधू झाली, तेव्हा कुणी सांगायच्या आत स्वतःच व्हॅन विकून त्या मोरा गावी मुलाकडे राहायला गेल्या.

गेल्या दिवाळीत आम्ही त्यांना भेटायला गेलो. आमची गाडी आता सई चालवते. निघताना मी म्हटलं, पोचल्यावर फोन करते.

"नको ताई. फोनची वाट बघत बसलं का जीव खालीवर होतो. तुमी निघालात म्हंजी पोचलात, आसं धरून चालायला शिकते हाय मी आता."

घरी आल्यावर तरीही मी फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिकडून आवाज आला, "पोचलात?"