भावजींच्या सायकलचा दिवा

भावजींना मी तोंडावर ‘घडीवाले’ म्हणायचे. ते चिडायचे नाहीत, म्हणून मला जास्तच चेव यायचा. थोरल्या बहिणीचा नवरा, वयानं मोठा, पण थट्टा करू नये असं त्यांचं वागणं असेल तर ना! हॉटेलच्या लॉन्ड्रीत उभा जन्म चादरींच्या घड्या घालण्यात गेला. कोपऱ्याला कोपरा लावायचा, तळहातानं हवा काढायची, पुन्हा दुमडायचं. घरी टॉवेलसुद्धा तसाच. आणि सायकल घेतली तीही घडीचीच.

ती काही हौसेनं घेतली नव्हती. ताईला पक्षाघात झाला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. माणसं ओळखण्याचंही धड राहिलं नाही. घरी तिला उचलणार कोण? शेवटी शहराच्या पार एका टोकाच्या नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. बस कालव्याच्या पुलापर्यंतच जाते. पुढं चढाचा रस्ता, आणि दिव्याचा खांब औषधालाही नाही. बसमध्ये साधी सायकल घेऊ देत नाहीत, दुमडलेली चालते. म्हणून ही. संध्याकाळी कामावरून सुटले की सायकल दुमडून बसमध्ये, पुलापाशी उतरून उघडायची आणि टांग मारायची.

आणि तिचे लाड तरी किती! फाटक्या चादरीच्या चिंधीनं रोज साखळी पुसायची, बिजागरीला तेलाचा थेंब, टायर अंगठ्यानं दाबून बघायचं. मधली कडी नीट बसली का ते हलवून बघितल्याशिवाय सीटवर बूड टेकायचे नाहीत. पुढं पांढरा दिवा, मागं लाल, पिशवीत एक जादाचा. एकदा ताईसाठी शाल द्यायची होती, ती मी मागं बांधली, तर केवढ्यानं ओरडले! “लाल दिवा झाकलास ना! मागून येणाऱ्यानं मला काय वासावरून ओळखायचं?” त्या दिवशी मी पोट धरून हसले होते.

चढ संपला की नर्सिंग होमचं फाटक. तिथं उतरून भावजी पुढचा दिवा हातानं झाकायचे आणि सोडायचे, तीनदा. ताईची खिडकी बरोबर वर. त्या वेळी नर्स खोलीतला दिवा मालवून ठेवायची, नाहीतर काचेत बाहेरचं काही दिसत नाही. तीच एकदा भावजींना म्हणाली, “काका, तुमचा दिवा दिसला की बाई काय खुलतात! डावा हात हलवतात.” मग भावजी वर आले की ताई त्यांच्या हातून चार घास खायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढं केला की तोंड घट्ट मिटायची.

आणि एक दिवस भावजी पडले. कालव्याच्या कडेला पाइपांचा ढीग होता, त्यावर सरळ जाऊन आदळले. पाय मुरगळला, कपाळाला टाके पडले. जो येईल तो विचारायचा, “दिवा नव्हता का?” पलंगावरून ते ओरडायचे, “होता! दोन्ही होते!” दिवा होता, तर पाइप दिसले कसे नाहीत?

डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, दिवसा समोरचं तेवढं दिसतंय, अंधारात जवळजवळ काहीच नाही. बरं होण्यातलं नाही, वाढतच जाणार. आणि हे बाबा रस्ता अंगवळणी पडलाय म्हणून कुणाला न सांगता तसेच जात होते! मी ताडताड बोलले. “काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? ताईला जाऊन काय सांगणार होते मी?”

ते म्हणाले, “मला एकदा तिचं तोंड बघायचंय गं. दिवा दिसल्यावरचं. नर्सला दिसतं, मला कधीच नाही. मी नेमका तेव्हा खाली असतो. डोळे आहेत तोवर एकदा.”

 

ते पडून होते तेवढे दिवस ताईकडं मी जात होते. ताई माझ्या हातून पाण्याचा घोट घ्यायची नाही. नर्सला तिच्या नाकातून नळी घालावी लागली. ताई आपली खिडकीकडं बघत पडलेली.

भावजींना पाय टेकता आल्याबरोबर एका संध्याकाळी आम्ही टॅक्सी केली. निघण्याआधी भावजींनी सायकलचा पुढचा दिवा काढला, त्याची काच पुसली. मग सायकलही पुसली, बिजागरीला तेल दिलं, घडी घालून कडी लावली. आता ती कोण चालवणार होतं?

फाटकापाशी दिवा माझ्या हातात देत म्हणाले, “पूर्ण झाकायचा. घाई नको. आणि तिच्या डोळ्यांवर मारू नकोस, जरा खाली धर.”

“बरं, घडीवाले.”

नर्स त्यांना हाताला धरून वर घेऊन गेली. खोलीतला दिवा मालवल्यावर मी आमचा झाकला, सोडला, झाकला. वर नुसती काळी खिडकी. मग काचेमागं पांढरं काहीतरी हललं. ताईचा हात! मी रस्त्यातच ओरडले आणि धापा टाकत जिना चढले.

“हलवला की हो! बघितलंत ना? कसं झालं तोंड?”

खोलीत अजून अंधारच होता. भावजी पलंगाला लागून खुर्चीत बसले होते. ताईचं तोंड खिडकीकडं.

“नाही दिसलं,” ते म्हणाले. “तिला दिवा दिसायला अंधार हवा. आणि अंधारात मला...” पुढचं त्यांनी सोडून दिलं. “पण कळलं मला. तिचा डावा हात माझ्या हातात होता. तो तिनं ओढून घेतला.”

नर्सनं खोलीतला दिवा लावला. ताईनं मान वळवली. शेजारी बसलेल्या भावजींकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती दाराकडं बघत राहिली. दिवा दाखवणारा माणूस आता वर यायचा होता ना.

ती दारातून येणाऱ्याची वाट बघतेय, असं मी भावजींना सांगितलं. ते उठले, भिंतीला धरून बाहेर गेले, क्षणभर थांबले आणि पुन्हा आत आले. मी जेवणाची वाटी त्यांच्या हातात दिली. ताईनं तोंड उघडलं.