न उतरलेला घास

सगळे त्यांना तपासनीसबाई म्हणत. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे म्हणणाऱ्यालाही नेमके सांगता आले नसते. उभी नोकरी त्यांनी बसगाड्यांत तिकिटे तपासण्यात घालवली होती. मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरेपर्यंत फुकट्याला हुडकून काढायचे, अशी त्यांची ख्याती. त्या म्हणत, विनातिकीट माणूस तोंडावरून ओळखू येत नाही, हातांवरून येतो. ज्याच्याजवळ तिकीट नसते त्याचे हात उगाच कामात असतात.

निवृत्तीनंतर ही नजर चर्चमध्ये येऊन बसली. बसली कसली, उभीच राहिली. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, अर्पण केलेली भाकर ख्रिस्ताचे शरीर बनते, ही कॅथलिकांची श्रद्धा. कागदासारखी पातळ, पांढरी चकती लोक रांगेने येऊन जिभेवर किंवा तळहातावर घेतात. तळहातावर घेतलेली तिथल्या तिथे तोंडात घालायची असते. पण कोणी फोनवर बोलत चालू लागतो, कोणी ती पोराच्या हातात खेळायला देतो. एकदा मिस्सा संपल्यावर बाईंना एका बाकाखाली, चपलांच्या धुळीत, अर्धी मोडलेली चकती दिसली. त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या आणि फादर येईपर्यंत कोणाला त्या बाकाजवळ फिरकू दिले नाही. फादर आले तेव्हा बाई रडत होत्या. नोकरीत एवढ्या शिव्या खाल्लेल्या बाईला कोणी रडताना पाहिले नव्हते.

त्या रविवारपासून त्या रांगेच्या शेवटी, बाजूच्या दारापाशी उभ्या राहू लागल्या. लग्नात वेदीच्या पायऱ्या चढणाऱ्या छायाचित्रकाराला त्यांनी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला धरून खाली आणला. गायकवृंदाच्या ढोलकेवाल्याला, देवाला ऐकू कमी येत नाही, असे सुनावले. नवीन फादर प्रार्थना घाईने उरकत, तेव्हा बाईंनी त्यांना बाहेर गाठून विचारले, की पुढचा थांबा चुकत होता का. फादर हसले, पण पुढच्या रविवारी सावकाश म्हणाले.

बाईंचा सर्वांत गाजलेला पराक्रम मात्र एका टेम्पोचालकाचा. तो हातात भाकर घेऊन दाराकडे निघाला, तशी बाईंनी त्याला अडवले. मूठ उघडायला लावली, भाकर तोंडात घालायला लावली, आणि गिळली की नाही हे पाहायला तोंडही उघडायला लावले. सारी रांग पाहत होती. टेम्पोवाला खाली मान घालून गेला, तो परत या चर्चला आला नाही. बाई हा प्रसंग पुढे अनेकदा रंगवून सांगत, आणि त्यांचे यजमान प्रत्येक वेळी उठून पाणी प्यायला जात.

यजमान सुतार. बोलणे कमी, हात मोठे. एका लाकडाचा दात दुसऱ्यात असा बसवत की सांधा नखाला लागत नसे. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले, गाठ गेली, आणि जाताना घशातला ओलावा घेऊन गेली. सुका घास उतरेना. घरात पेज, सूप, पातळ भात सुरू झाला. बाई दोन्ही वेळा शेजारी बसून, हळू, घाई नाही, असे म्हणत त्यांना भरवत. बाहेर वाघीण असलेल्या बाईचे घरातले हे रूप शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते.

एका दुपारी पातेल्याचा दांडा निसटला, म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधायला बाईंनी यजमानांची हत्यारपेटी उघडली. रंध्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली एक डबी निघाली. तळहातावर मावेल एवढी, कोपऱ्यांना दातांचे सांधे, झाकण हवेसारखे हलके. लग्नाचा वाढदिवस आठवड्यावर आला होता. बाईंना हसू आले. आयुष्यभर लोकांची कपाटे केली, आता कुठे बायको आठवली, असे स्वतःशी म्हणत त्यांनी झाकण सरकवले.

आत पांढऱ्या रेशमी कापडाची गादी होती, आणि तिच्यावर तीन चकत्या.

बाई खाली बसल्या. सगळ्या रांगेचे हात त्यांनी पाहिले होते. एका माणसाचे तेवढे कधी पाहिले नव्हते. बसमध्ये कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास असे, त्यांना कोणी हटकत नसे. तसा यजमानांना त्यांनी न मागता पास देऊन टाकला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यजमान संध्याकाळी फेरफटका मारून आले, तेव्हा डबी टेबलावर, स्वच्छ रुमालावर होती. त्यांनी टोपी काढली आणि ते दारातच उभे राहिले.

"टाकून दिल्या नाहीत गं," ते म्हणाले. घशामुळे त्यांचा आवाज आता करवतीसारखा येई. "टाकवल्याच नाहीत."

बाईंनी विचारले, की मग खाल्ल्या का नाहीत. त्यावर यजमानांनी जे सांगितले ते थांबत थांबत सांगितले. उपचारांनंतरच्या पहिल्याच रविवारी भाकर घशात चिकटली होती. ठसका लागला, आणि आता ती बाहेर पडते की काय या धास्तीने ते तोंड दाबून चर्चमागच्या नळावर गेले. त्या दिवशी कशीबशी उतरली. पुढच्या वेळी त्यांनी तळहात ओठांपर्यंत नेला आणि मूठ मिटून घेतली. रांगेत न जावे, तर लोक विचारणार, सुतारांनी काय पाप केले. जावे, तर गिळता येईना आणि थुंकण्याचा विचारही सोसवेना. धरले तर चावते, सोडले तर पळते.

"मला सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या. "पेज मी भरवते ना? मग हे माझ्यापासून लपवायचं?"

यजमान खुर्चीवर बसले. डबीकडे पाहत म्हणाले, "पेज भरवते ती तू. दारात उभी असते ती तपासनीस. त्या टेम्पोवाल्याला तू तोंड उघडायला लावलंस, तेव्हा मी त्याच्या मागेच होतो. त्याचं तोंड मला दिसलं नाही. मान दिसली."

बाईंनी डबीचे झाकण अलगद सरकवून बंद केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डबी दोन्ही हातांत धरून, वाटेत कोणाशी न बोलता, फादरांच्या दारी गेल्या. बाईंना पाहताच फादरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"या. आज कोणाची तक्रार?"

"घरचीच आहे," बाई म्हणाल्या.

फादरांनी सगळे ऐकून घेतले. डबी उघडली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. बाईंना ते बरे वाटले. चकत्या त्यांनी स्वच्छ पाण्यात विरघळायला ठेवल्या. पूर्ण विरल्या की ते पाणी गटारात नव्हे, कोणाचा पाय पडत नाही अशा मातीत जाते. मग ते म्हणाले, की सुतारांना अख्ख्या चकतीची गरजच नाही. एवढासा कण, घोटभर पाण्याबरोबर. तोही जमला नाही, तर पेल्यातला द्राक्षारसाचा एक थेंब.

"कणातही ख्रिस्त पूर्णच असतो. तुम्हीच तर लहान मुलांच्या वर्गात सांगता."

सांगत होत्या खऱ्या. बाकाखाली पडलेला कण वेचताना त्यांना तो पूर्ण दिसे. नवऱ्याच्या घशासाठी तो पुरेल, हे त्यांना सुचले नव्हते.

निघताना दारापाशी त्यांनी विचारले, की तो टेम्पोवाला हल्ली कुठे असतो. फादर म्हणाले, की तो नदीपलीकडच्या चर्चला जातो. त्याची आई अंथरुणाला खिळली आहे. त्या दिवशी तो भाकर तिच्यासाठीच नेत होता. तशी परस्पर नेऊ नये, विचारायला हवे होते, हे त्याचे चुकलेच. आता फादर स्वतः तिच्याकडे जातात.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यानंच नको म्हटलं. बाईंना वाईट वाटेल म्हणाला."

बाईंनी पदराने उगाच डबी पुसली. त्यांचे हात कामात होते.

त्या रविवारी बाजूचे दार मोकळे राहिले. रांगेतल्या एकदोघांनी मागे वळून तिकडे पाहिलेसुद्धा. बाई रांगेत, यजमानांच्या मागे, पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. फादरांनी चकतीचा कण मोडला. "ख्रिस्ताचे शरीर." करवतीच्या आवाजात "आमेन" आले. मग दोघे बाजूला सरकले. यजमानांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. रांग शेजारून पुढे जात राहिली. ढोलकेवाला, छायाचित्रकार, सगळे गेले. कोणीकोणी वळून पाहत होते, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा समजले, की पाहिले जाणे मानेला कुठे लागते. त्या फरशीकडे पाहत उभ्या राहिल्या. हळू, घाई नाही, असे पेज भरवतानासारखे पुटपुटत राहिल्या.

बऱ्याच वेळाने यजमानांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यांनी डोळे उघडले. बाईंकडे वळून त्यांनी आज्ञाधारक उतारूसारखे तोंड भले मोठे उघडले.

"घे तपासून," ते कुजबुजले.

"मिटा. लोक बघताहेत," बाई म्हणाल्या, आणि बाटलीला झाकण लावायला गेल्या. ते दोनदा वाकडे बसले.

मिस्सा संपल्यावर त्या घराच्या वाटेला न लागता नदीवरच्या पुलाच्या दिशेने वळल्या. यजमानांनी कुठे म्हणून विचारले नाही. बाटली तेवढी आपल्या हातात घेतली.