न चाखलेलं मीठ

सदाशिव पेठेतल्या एका सरदारांच्या मुदपाकखान्यात मी आयुष्यभर आचारी होतो. सणाला सोवळं नेसून नैवेद्य रांधायचा आणि देवाला दाखवेपर्यंत काही म्हणजे काही चाखायचं नाही, ही तिथली शिस्त. आमटीत मीठ कमी पडलं की जास्त, हे मला कधीच कळायचं नाही. म्हणून उपाध्ये पानाभोवती पाणी फिरवत, तेव्हा मी मागे उभा राहून पुटपुटायचो, देवा, मला न दिसलेली चूक पोटात घाल. भाताची वाफ आणि उदाचा धूर एकमेकांत मिसळत, आणि मला तरंगल्यासारखं वाटे.

चैत्रातल्या एका दुपारी घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती वाढता वाढता म्हणाली, "अहो, मीठ तुमचं कधी चुकलं नाही. तुमच्या जोड्यांचा आवाज आला की मुलं बोलायची थांबतात, तेवढं देवाच्या कानावर घाला."

मी भडकलो, पानावरून उठलो. माझी मुलं शांत आहेत, गुणी आहेत, हे मी अख्ख्या पेठेत मिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी परतताना हौदापाशीच जोडे काढून हातात घेतले. तापलेल्या मातीवरही पाऊल स्वप्नातल्यासारखं बिनआवाजी पडत होतं. दाराशी आलो तर आत हसण्याचा नुसता गलका. शेजारची मुलं खेळायला आली असतील, असं वाटून मी खिडकीतून डोकावलो.

ती माझीच होती.