झुलणारी रेशम: हैदराबादच्या तबेल्यांतले नऊ दिवस

या ब्लॉगवर एरवी मी नुकत्याच केलेल्या सहलींबद्दल लिहिते. ही सहल मात्र जुनी आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे एसटीडी बूथ उगवत होते, गच्च्यांवर डिश अँटेना चढत होत्या आणि मी परभणीला पशुवैद्यकीचा अभ्यास करत होते, तेव्हाची. मागच्या आठवड्यात एका वाचक मुलीनं विचारलं, "ताई, हैदराबादला चार दिवस जातेय, चारमिनार सोडून काय बघू?" तिला उत्तर लिहायला बसले आणि हात भलतीकडेच गेला.

जायचं ठरलं ते आमच्या सरांमुळे. ते म्हणायचे, घोड्याला डॉक्टर दहा मिनिटं बघतो, मालक दिवसभर. मग घोड्याचा स्वभाव, त्याच्या सवयी, त्याची भीती हे मालकालाच विचारायला नको का? पुष्कळ मालकांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली, की कोणत्या घोड्याला कशाचा जाच होतोय ते आपोआप दिसेल, आणि मग तो कमीही करता येईल. त्यांनी बत्तीस प्रश्नांचा फॉर्म करून दिला. चावतो का, लाथ मारतो का, लाकूड कुरतडतो का, बँडच्या आवाजाला बुजतो का. वरातीच्या घोड्या भरपूर असलेलं जवळचं शहर म्हणजे हैदराबाद, आणि तिथं बरकतपुऱ्याला माझी आत्या. आई म्हणाली, "मुलगी घोड्यांची विचारपूस करत गावभर फिरणार, लोक काय म्हणतील?" बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घोड्यांचीच करतेय तोवर फिरू दे."

दिवाळी संपली त्या आठवड्यात निघाले. तेव्हा मीटर गेजची गाडी होती. रात्रभर खडखडत ती सकाळी काचीगुड्याला टेकायची. आता रूळ रुंद झाले आणि गाड्याही पुष्कळ आहेत, पण जाणार असाल तर अजूनही काचीगुड्यालाच उतरा. स्टेशन देखणं आहे आणि बरकतपुरा तिथून चालत जाण्यासारखा. स्टेशनाबाहेर धुकं होतं, त्यात रिक्षांचे दिवे पिवळे होऊन तरंगत होते. मला अर्धवट झोपेत वाटलं, मी अजून गाडीतच आहे आणि शहरच हलतंय.

आत्या मूळची आमच्या भागातली, पण लग्नानंतर तीस वर्षं हैदराबादेत. जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवायची आणि घरी असं बोलायची की तिच्या वर्गातल्या मुलांनी ऐकलं असतं तर वह्या फेकल्या असत्या. "नंदे, परेशान नको होऊस, जरा ठैर, पहिले चाय पी." शाळेला सुट्टी होती, त्यामुळे माझ्याबरोबर हिंडायला ती माझ्याहून जास्त उतावीळ. सकाळी इडली आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही निघायचो. ज्यांना खर्चाची काळजी आहे त्यांना सांगते, तेव्हाही आणि आताही हैदराबादेत सकाळचं खाणं स्वस्त आणि पोटभर असतं, दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

जामबागेचा फुलांचा बाजार तेव्हा भरात होता. ओल्या गोणपाटावर मोगरा, झेंडू, लाल गुलाब यांचे ढीग. वरातीच्या घोड्यांचे हार इथूनच जात. बाजार ओलांडून पुरानापुलाच्या दिशेनं गेलं की गल्लीत फुलांचा वास हळूहळू संपायचा आणि लीद, भिजवलेले हरभरे, तेल लावलेलं चामडं यांचा सुरू व्हायचा. मधे दहा-बारा पावलं अशी यायची की दोन्ही वास एकत्र यायचे. मी रोज तिथं उगाच थांबायची.

पहिले दोन दिवस मी तबेल्यातबेल्यात जाऊन फॉर्म भरले. घोड्याच्या शेजारी उभी राहून, एक हात त्याच्या मानेवर, दुसऱ्या हातात पेन. मालक मोठे अदबशीर. घोडा चावतो? "तोबा तोबा." लाथ? "नक्को पूछो बेटी, बिल्कुल गाय है." बुजतो? "तोप छूटी तो बी नै हिलता." मी खूष होऊन खुणा करत गेले.

तिसऱ्या दिवशी रेशम भेटली. तिचे मालक इब्राहिमभाई, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा पांढरा कुर्ता. त्यांचे आधी टांगे होते. ऑटो वाढल्या, टांग्याचा घोडा विकावा लागला, तबेल्याचा पुढचा भाग एसटीडी बूथला भाड्यानं गेला. मागे, विटांच्या नव्या भिंतीपलीकडे, एकटी रेशम उरली. छपराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी तिच्या पाठीवर पडली होती. पांढरीशुभ्र घोडी, भिंतीकडे तोंड करून, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत होती. एका लयीत. पट्टी तिच्या पाठीवरून सरकायची आणि परत यायची. पलीकडे बूथमध्ये कुणीतरी दुबईला फोन लावून मोठ्यानं बोलत होतं आणि ती आपली झुलत होती. मी किती वेळ बघत राहिले मला सांगता येणार नाही.

"नाचती है," इब्राहिमभाई हळूच म्हणाले. "बाजा नै, बारात नै, तो बी. खून में है इसके."

लग्नघरचे लोक घोडी ठरवायच्या आधी हे बघायला येत. त्या गल्लीत रेशमचं नाव होतं ते या नाचामुळे. मी फॉर्मवर सवयींच्या रकान्यात लिहिलं, 'नाचते', आणि इब्राहिमभाईंना वाचूनही दाखवलं. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते मी, आणि हे लिहिलं! आजही कान गरम होतात.

त्या संध्याकाळी आत्यानं व्हरांड्यात बसून माझे फॉर्म वाचले. वाचता वाचता हसायला लागली.

"नंदे, एवढे गुणी तर माझ्या शाळेत कुणी नाहीत. कुठं उभी राहून विचारलंस?"

"घोड्यापाशीच."

"मग कोण सांगेल? तुझे आजोबा बैलाची खोड कधी बैलासमोर बोलले? गोठ्याबाहेर येऊन, पार वेशीपाशी जाऊन बोलायचे. जनावराला ऐकू जातं म्हणून. इथले लोकही तेच मानतात. तू त्याच्या तोंडावर चुगली मागतेस आणि वर त्याच्या मानेवर हात!"

तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती, पण मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. ते लोक मला फसवत नव्हते. घोड्याचा मान राखत होते.

पाचव्या दिवशी आत्यानं मला गल्लीच्या तोंडावरच्या इराणी हॉटेलात नेलं. बायकांसाठी पडदा लावलेली फॅमिली केबिन होती. आम्ही आत, पडद्याबाहेरच्या बाकावर घोडेवाले. मधे चहा आणि उस्मानिया बिस्किटं. मी पडद्याआडून प्रश्न विचारायची, बाहेरून उत्तर यायचं. आणि काय सांगू, धरण फुटल्यासारखे बोलले ते! एकाची घोडी छत्री दिसली की उलटी पळायची. एकानं शर्टाची बाही वर करून पडद्याच्या फटीतून मला चावल्याचा व्रण दाखवला. समोर घोडा नाही, माझा चेहराही नाही, त्यामुळे कुणालाच संकोच नव्हता.

शेवटी इब्राहिमभाईंचा आवाज आला. बाकीचे गेले असावेत असं त्यांना वाटलं असेल.

"बेटी, एक बात है. घुटने टेक देती है. खड़े-खड़े. पिछले साल दो बार. एक बार तो दूल्हा ऊपर बैठा था."

नवरदेवासकट घोडी गुडघ्यावर आली म्हणजे अपशकुन. लग्नघरच्यांनी गल्लीत येऊन तमाशा केला होता. तिसऱ्यांदा तसं झालं तर रेशमला कुणी बोलावणार नव्हतं. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यानंतर लग्नसराई. विटा वाहायला जनावरं विकत घेणारा वीटभट्टीवाला एकदा बघूनही गेला होता.

"कब बैठती, लेटती कब?" मी विचारलं.

"घोड़ा कबी लेटता? घोड़ा तो खड़े-खड़े सोता."

"कौन बोला?" मागच्या टेबलावरून दुसराच आवाज आला. ते समोरच्या अंगणाचे रहमतभाई. त्यांच्या तीन घोड्या आणि इब्राहिमभाईंशी जुनी स्पर्धा. "मेरे तीनों रोज़ दोपहर कू लेटते. एक सोती, दूसरी खड़ी रैती, पहरे पे."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. घोडा उभ्यानं डुलकी घेतो, पण गाढ झोप त्याला आडवं होऊनच लागते. आणि आडवं व्हायला तो घाबरतो, जवळ दुसरं कुणी जागं नसेल तर. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलेलंही होतं. रेशमचा सोबती विकला गेला तेव्हापासून ती एकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या गुडघ्यांवर खपल्या होत्या, त्या मी पाहिल्या होत्या आणि त्याबद्दल विचारलं नव्हतं, कारण मी नाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी इब्राहिमभाईंना सांगितलं. या वेळी गल्लीच्या तोंडाशी नेऊन, रेशमपासून लांब. हा नाच नाही, म्हटलं. एकटेपणानं लागलेलं झुलणं आहे, आणि गुडघे टेकते ती झोपेनं. तिला रहमतभाईंच्या अंगणात इतर घोड्यांबरोबर बांधा.

"फिर नाच?"

"बहुतेक कमी होईल. थांबेलही."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मेरी रेशम कू पागल बोलरै तुम? और उसके आंगन में बांधूं? गिराक मेरा, घोड़ी मेरी, आंगन उसका?" त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्यातून स्वतःचा फॉर्म शोधून काढला, चौघडी घालून खिशात टाकला आणि निघून गेले.

पुढचे दोन दिवस मी त्या बाजूला फिरकले नाही. आत्यानं मला दिलसुखनगरला साड्यांच्या दुकानांत हिंडवलं. क्लासमधून सुटलेली मुलं रस्ता अडवून उभी होती, कोल्ड्रिंकचे नवे मोठाले फलक डोक्यावर होते. माझं लक्ष कशातच नव्हतं. आपण शिकलेलं बोललो की शिकल्याचा तोरा दाखवला, हे कळेना. मला रडू यायचं आणि आत्या म्हणायची, "रडू नको, साडी बघ."

नवव्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. दुपारी आत्या म्हणाली, "जाता जाता फुलं घेऊ." फुलं घ्यायची नव्हती, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

इब्राहिमभाईंचा तबेला रिकामा होता. मला वाटलं, विकली. वीटभट्टी, दुसरं काय. तेवढ्यात समोरच्या अंगणातून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

रहमतभाईंच्या अंगणात, कडुलिंबाच्या सावलीत, इब्राहिमभाई उकिडवे बसले होते. ओठांवर बोट. पांढरा कुर्ता मळलेला. त्यांच्यासमोर रेशम पाय ताणून कुशीवर पडली होती. तिच्या शेजारी रहमतभाईंची तांबडी घोडी उभी, कान टवकारलेले. रेशमचा वरचा ओठ मधूनच थरथरत होता, पुढचे खूर हलत होते. घोडी स्वप्नात पळत होती.

"मैं समझा मर गई," ते कुजबुजले. डोळे भरलेले होते. "नाक के सामने हाथ रखा. गरम सांस आई. छह बरस से मेरे पास है बेटी, छह बरस. आज पहली बार देखा."

तेवढ्यात दोन पाहुणे गल्लीत शिरले. टेरिकॉटची सफारी, हातात गाडीच्या किल्ल्या. "भाई, वो नाचनेवाली घोड़ी किदर है?"

रहमतभाईंनी इब्राहिमभाईंकडे पाहिलं. आपल्या तीन घोड्या पुढे करायची ही नामी संधी होती, पण ती त्यांनी सोडली.

"सो री है," इब्राहिमभाई म्हणाले. "और नाचती नै उनो. चाहिए तो कल आव."

पाहुणे एकमेकांकडे बघत परत गेले. आम्ही निघताना इब्राहिमभाईंनी खिशातून चौघडी घातलेला फॉर्म काढून माझ्या हातात ठेवला. कागदाचा आवाज न करता, रेशम जागी होईल म्हणून.

परभणीला परतल्यावर सरांनी बाकीचे फॉर्म बघितले आणि विचारलं, पडद्याआडून माहिती गोळा करायची पद्धत कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, माझ्या आत्याकडे आहे. आम्ही फॉर्ममध्ये तेहेतिसावा प्रश्न घातला: तुमचा घोडा आडवा होऊन झोपलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिला? त्यानंतर इतकी वर्षं, इतक्या गावांत मी तो विचारला आहे. पुष्कळ मालक त्या प्रश्नाशी थांबतात आणि मागे वळून आपल्या घोड्याकडे बघतात.

इब्राहिमभाईंचा फॉर्म मात्र मी सरांना दिला नाही. त्यावर माझा 'नाचते' हा शब्द एका जाड रेघेनं खोडलेला होता आणि खाली उर्दूत काहीतरी लिहिलं होतं. मला उर्दू येत नव्हती. बाबा निजामाच्या राज्यातल्या शाळेत उर्दूतूनच शिकलेले. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीशी धरला, आणि घोड्यांवरून माझी थट्टा करणाऱ्या त्या माणसानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"थकी हुई थी," बाबांनी वाचलं. "मुझे मालूम नहीं था."