माझ्या सहीचे चार नग

चाकणच्या त्या कंपनीत मी नऊ वर्षं स्टेंट तपासले. स्टेंट म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की तिच्यात बसवतात ती धातूची जाळी. बॉलपेनच्या रिफिलहून बारीक नळी लेझरने कापायची, आम्लात धुवायची, विजेवर पॉलिश करायची, आणि मग ती आमच्या टेबलावर यायची. जाळीची एकेक तार केसाएवढी. नग सुईवर चढवून मायक्रोस्कोपखाली हळूहळू फिरवायचा आणि प्रत्येक तार बघायची. तडा, खाच, कापायचं राहिलेलं टोक, काहीही दिसलं की नग लाल डबीत. निर्दोष असेल तर ट्रेमध्ये. ट्रेमधल्या नगावर पुढे औषधाचा लेप बसतो, तो रक्तवाहिनीत फुगवतात त्या फुग्यावर चढतो, पाकिटात जातो आणि एक दिवस कुणाच्या तरी छातीत. तिथून तो परत काढता येत नाही. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या खोलीत जायचं तर बांगड्या काढायच्या, काजळ-पावडर काही नाही, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट. फक्त डोळे उघडे. बायका मला घार म्हणायच्या. नवीन मुलगी आली की तिला माझ्या शेजारी बसवायचे. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे होते. त्यांना या गोष्टीचं फार कौतुक होतं. विहारात कुणी भेटलं की सांगायचे, आमची लेक हृदयाचे पार्ट पास करते.

एका वर्षी दिवाळीच्या आधी, पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोरच्या ग्रिलचे गज मधोमध वाकलेले दिसले. वाटलं, वरून कुणाचं काही पडलं असेल. हात लावून बघितलं तर गज सरळ. उजवा डोळा झाकला की सरळ, डावा झाकला की वाकडे.

कामावर पहिले आठ-दहा दिवस मी चांगले नगही फेकले. तारा मला नागमोडी दिसायच्या, आणि नागमोडी तार म्हणजे लाल डबी. शेवटी सुपरवायझर आला. "ताई, तुमची डबी रोज भरतीये. लेझरवाले भांडायला येतात माझ्याशी. जरा बघा राव."

मग मी बघितलं. म्हणजे असं केलं, की ज्या तारेत लाट दिसेल ती लाट माझ्या डोळ्याची, तारेची नाही, असं ठरवून टाकलं. डबी पुन्हा पूर्वीसारखी रिकामी राहू लागली. सुपरवायझर खूश झाला. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण ते तसंच झालं.

चिंचवडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी साखरेचं विचारलं. पाच वर्षांपासून आहे, म्हटलं. गोळ्या? कधी घेते, कधी राहतात. त्यांनी मान हलवली. "पडद्याच्या मधोमध सूज आहे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर महिन्याला. नजर किती परत येईल सांगता येत नाही. काम काय करता?"

"पॅकिंग," मी म्हणाले.

का म्हणाले? नवऱ्याची कंपनी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यात गेली होती. तो वाकडला दुसऱ्याची टॅक्सी चालवत होता, आणि पोरगी ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पण एवढंच कारण नव्हतं. त्या खुर्चीवरून उठले तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. कंपनीची वर्षाची डोळेतपासणी आली तेव्हा मी रांगेत उभी असतानाच डाव्या डोळ्याने तक्त्याच्या खालच्या दोन ओळी पाठ करून घेतल्या. उजव्याची पाळी आली तेव्हा धडाधड म्हणून दाखवल्या. कंपाउंडर हसून म्हणाला, "ताई, तुमचे डोळे विशीतले आहेत."

माझ्या शेजारी लातूरकडची एक बाई बसायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि शाळेत जाणारी मुलगी. तिला काम मीच शिकवलं होतं. आमच्यात एक रीत होती, नियमात न बसणारी. एकीला लवकर जायचं असेल तर तिचा उरलेला ट्रे दुसरीने पुरा करायचा. सही मात्र जिच्या नावाने ट्रे निघाला तिचीच. एका मंगळवारी तिच्या आईचं ड्रेसिंग होतं. "तेवढ्या दोन रांगा बघता का ताई?" म्हणाली, सही करून गेली. त्या दोन रांगा मी बघितल्या.

शुक्रवारी, तो ट्रे ज्या लॉटमधला होता त्या लॉटची फुगवून चाचणी झाली. प्रत्येक लॉटमधले काही नग फुग्यावर पूर्ण उघडून बघतात. एक नग उघडताना तटकन तुटला. तुटलेली कड जुनी होती. म्हणजे तडा आधीपासून होता आणि तपासणीत सुटला होता. ट्रेच्या कार्डावर तिची सही. शनिवारी सकाळी तिला क्वालिटीच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दहा मिनिटांनी ती सूट न घालताच बाहेर पडली. काचेतून मला दिसलं, ती लॉकरमधून डबा काढून घेत होती.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन केला.

"चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणले," ती म्हणाली. "तुमचं नाव नाही घेतलं ताई मी. तुमच्या नजरेतून थोडीच सुटणार आहे? पहिल्या रांगा माझ्याच होत्या की. आईचं डोक्यात होतं त्या दिवशी. माझ्याच हातून गेलं ते."

मी म्हणाले, "होतं असं. रडू नको."

एवढंच म्हणाले मी.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. डोळ्याचं त्याला माहीत होतं, ट्रेचं नव्हतं. त्याने पंखा मोठा केला. मग म्हणाला, "तो नग तिथेच तुटला ना? कुणाला बसवला नाही ना? मग झालं. ती तरणी आहे, तिला दुसरीकडे मिळेल काम. तुला या डोळ्यावर कोण घेणार?"

"आणि बाकीचे? दिवाळीपासूनचे?"

"बाकीचे चांगलेच असतील."

"ते कसं म्हणतोस?"

 तो चिडला नाही. टॅक्सीची चावी घेऊन खाली गेला.

रविवारी विहारात गेले. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, मी थांबले. आजूबाजूच्या बायका पाचवं म्हणून मोकळ्या झाल्या तरी मी तिथेच. बाहेर आले आणि चपला सापडेनात. समोरच होत्या. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या तिचाच फोन आला. मुलीला पण चष्मा लागला की काय बघते म्हणाली, तडा दिसला नाही म्हणजे आमच्या घराण्यातच डोळ्यांचं काही असेल. तेव्हाही मी ऐकून घेतलं. "हं" म्हणाले.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये बसले. तळवड्याच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली आणि मला एकदम वाटलं, ही कधीच पोचू नये. पोचली. सूट न घालता मी सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, तिच्या ट्रेच्या शेवटच्या दोन रांगा मी बघितल्या. तिने नाही."

"तुम्ही?" त्यांचा विश्वास बसेना. "तुमच्याकडून सुटलं?"

"मला उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या, "ताई, नवीन मुलींना मी तुमच्याकडे पाठवते. तुम्ही एकदा, फक्त एकदा येऊन सांगायचं होतं. मी तुम्हाला दुसरं काम दिलं असतं."

खरंच दिलं असतं का, मला माहीत नाही. पण मी विचारलंच नव्हतं, हेही खरं.

पुढचे बारा दिवस मला आत पाऊल टाकू दिलं नाही. रेकॉर्ड रूममध्ये बसून मी माझ्या सहीचे ट्रे आणि दुसऱ्यांचे पुरे केलेले ट्रे आठवून आठवून लिहून द्यायचे. कंपनीतला सगळा माल थांबवला. गोदामातून, डीलरकडून, दवाखान्यांच्या कपाटांतून खोकी परत आली. जे लेपाआधीचे होते ते माझ्याच मैत्रिणींनी पुन्हा तपासले, जे पाकिटात गेले होते ते सरळ मोडीत काढले. पुन्हा तपासलेल्यांत अकरा नग वाईट निघाले. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नव्हतं. त्यात द्वेष नव्हता, बहुतेक. काय बोलावं हेच त्यांना सुचत नसेल. त्या बायका ओव्हरटाइम करून माझी चूक शोधत होत्या आणि त्यांचेही डोळे लाल झाले होते.

शेवटी हिशेब लागला. एक सोडून सगळे लॉट पुरे परत आले. त्या एका लॉटमधले माझ्या सहीचे चार नग परत आले नाहीत, कारण ते चार माणसांच्या छातीत होते.

"ते चांगले होते का?" मी मॅडमना विचारलं. काय मूर्ख प्रश्न.

"कुणाला माहीत," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही बघितले होते ना."

दवाखान्यांना पत्रं गेली, त्या पेशंटना बोलावून तपासा म्हणून. माझं काम मार्चच्या अखेरीस संपलं. राजीनामा लिहून द्या म्हणाले, मी दिला.

शेजारच्या टेबलावरची ती परत कामावर लागली. एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या घरी गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. तिने दार उघडलं, पाणी दिलं, आईच्या पलंगाच्या कडेला बसली.

"दोन दिवस मी माझ्याच डोळ्यांना शिव्या घातल्या," ती म्हणाली. "लेकीसमोर रडले, म्हणलं, तुझ्या आईच्या हातून कुणी मेलं असतं. ते जाऊ द्या. चूक कुणाकडूनबी होतीय. पण तुम्ही फोनवर होता ताई. दोन्ही दिवस फोनवर होता आणि नुसतं ऐकत होता."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सांगितलं शेवटी तुम्ही, म्हणून मी आज कामावर आहे. तेही मला कळतं." तिने आईची चादर सारखी केली. "पण आता येऊ नका."

मी उठले. म्हाताऱ्या आईने पडल्या पडल्या विचारलं, कोण गं ती? तिने सांगितलेलं मला ऐकू आलं नाही.

इंजेक्शनं घेते आहे. सूज उतरली, पण मधला डाग राहिला. सध्या पुनावळ्यातच एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिथे एका डोळ्याने भागतं. सकाळी उठले की आधी ते चार जण आठवतात. चेहरा नाही, गाव नाही. कुणी जिना चढत असेल, कुणी नातवाला उचलून घेत असेल. रस्त्यात कुणी छातीवर हात ठेवून थांबलेलं दिसलं की मीही थांबते. दोनदा मी अनोळखी माणसांना विचारलं आहे, तुम्हाला बरं नाही का. दोन्ही वेळा त्यांना नुसता दम लागला होता.

गेल्या आठवड्यात मी केंद्रात पोळ्या लाटत असताना मॅडमचा फोन आला. मला कळवायचं त्यांच्यावर बंधन नव्हतं, पण त्यांनी केला.

"तिघांची तपासणी झाली," त्या म्हणाल्या. "तिघेही ठीक आहेत."

मी विचारलं, "आणि चौथा?"

"चौथी. बाई आहे, सत्तेचाळीस वर्षांची. दवाखान्यात दिलेला नंबर बंद आहे. पत्त्यावर माणूस पाठवला होता. ती खोली सोडून गेली, कुठे ते शेजाऱ्यांना माहीत नाही."

"मग?"

"शोधतायत, ताई."

फोन ठेवला. तवा जळत होता, कुणीतरी गॅस बंद केला. संध्याकाळी घरी आले तर नवरा गाडी लावून नुकताच वर येऊन आडवा झाला होता. माझा चेहरा बघून त्याने विचारलं, काय झालं. कंपनीतून फोन होता, म्हटलं.

तो पटकन उठून बसला. "परत बोलावतायत?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.